शके ५५६ : ऐहोळेच्या शिळेवरचे वर्ष आणि तेव्हाचे जग

कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मलप्रभेच्या काठी ऐहोळे नावाचे गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर मेगुती नावाचे एक जुने जैन मंदिर उभे असून त्याच्या पूर्वेकडील भिंतीवर रविकीर्ती नामक कवीची संस्कृत प्रशस्ती कोरलेली आहे. बदामीच्या चालुक्य घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजा दुसरा पुलकेशी हा तिचा नायक. ‘महाराष्ट्रक’ या प्रदेशनामाचा उल्लेख याच प्रशस्तीत येतो, त्यामुळे मराठी वाचकाला ती निदान ऐकून तरी माहीत असते. तिच्या अखेरीस रविकीर्तीने मंदिर बांधून पूर्ण झाल्याचे वर्ष नोंदवले आहे, आणि तेही एक नव्हे तर दोन प्रकारे. भारतीय युद्धानंतर ३७३५ वर्षे लोटली असून शक राजांच्या काळाची ५५६ वर्षे सरली आहेत, असे तो सांगतो. दोन्ही गणिते एकाच ठिकाणी येऊन मिळतात : इसवी सन ६३४-३५.

प्राचीन भारताच्या इतिहासात एवढी निःसंदिग्ध तारीख क्वचितच हाती लागते. कालिदासाचे उदाहरण घ्यावे. तो केव्हा होऊन गेला यावर विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. पण रविकीर्तीने आपल्या काव्यकीर्तीची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी केलेली असल्याने, निदान ६३४ पूर्वी हे दोघेही प्रख्यात झालेले होते एवढे मात्र वादातीत ठरते. आत्मस्तुतीच्या ओघात संस्कृत साहित्याच्या कालनिर्णयाला असा पक्का खुंटा मिळाला, हे रविकीर्तीचे उपकारच म्हणावयाचे.

या एका वर्षाच्या खुंटीला धरून तत्कालीन जगाकडे पाहिले तर काय दिसते?

पहिली गोष्ट ही, की ‘इसवी सन ६३४’ हे वर्ष ६३४ मध्ये जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत डायोनिसियस या मठवासीने सहाव्या शतकात ईस्टरची कोष्टके तयार करताना काढली होती. ती रूढ होण्यास पुढे इंग्लंडातील बीड या इतिहासकाराचा ग्रंथ यावा लागला, आणि तो आला ७३१ मध्ये. सीरियातील ख्रिस्ती लेखक अलेक्झांडरच्या सेनापतीच्या नावाने चालणाऱ्या सेल्युकिड शकाचे ९४५ वे वर्ष लिहीत होते. चीनमध्ये सम्राट ताइझोंगच्या ‘झेनग्वान’ कालखंडाचे आठवे वर्ष चालू होते. आजच्या कोष्टकांत हिजरी १२-१३ असे दिसते खरे, पण हिजरी कालगणना मुळात सुरू झाली ती आणखी तीन-चार वर्षांनी, खलीफा उमर यांच्या कारकिर्दीत. जगाला समान पंचांग नव्हते. रविकीर्तीने मात्र दोन कालगणना शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणूनच आपल्याला आज त्या वर्षावर नेमके बोट ठेवता येते.

नर्मदेवरची लढाई मागे सरकली

प्रशस्तीतील पुलकेशी चारही दिशांना विजय मिळवतो. काका मंगलेश याच्याशी झालेल्या यादवीतून त्याला गादी मिळाली. राज्य डळमळीत असल्याचे पाहून आप्पायिक आणि गोविंद असे दोघे भीमेच्या उत्तरेकडून चालून आले. एकाला त्याने पिटाळले, दुसऱ्याला आपलेसे केले. कोकणच्या मौर्यांवर त्याने स्वारी केली आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणविल्या जाणाऱ्या पुरी या नगरीला शेकडो नौकांनी वेढा घातला. ही पुरी म्हणजे घारापुरी की जंजिऱ्याजवळची राजपुरी, यावर एकमत नाही. लाट, माळवा आणि गुर्जर हे प्रदेश नमले. कोसल-कलिंग हादरले. पूर्वेकडे पिष्टपूर पडले. कांचीच्या पल्लव राजाला आपल्या तटबंदीआड लपावे लागले आणि चालुक्यांचे हत्ती कावेरी ओलांडून गेले. तीन महाराष्ट्रक आणि त्यांतील ९९ हजार गावे यांचे स्वामित्व पुलकेशीकडे आले, असेही त्यात म्हटले आहे. हा आकडा खानेसुमारीचा नव्हे; त्या काळच्या लेखांत प्रदेशांच्या नावापुढे असे ठरीव ग्रामसंख्येचे आकडे येतात आणि ते शब्दशः घ्यायचे नसतात. पण सातव्या शतकातील एका कवीला ‘महाराष्ट्रक’ हा एकापेक्षा अधिक भागांचा, नाव घेण्याजोगा मोठा मुलूख वाटत होता, ही बाब आकड्यापेक्षा मोलाची आहे.

या साऱ्या विजयांत हर्षवर्धनाच्या पराभवाला अर्थातच मानाचे स्थान आहे. ज्याच्या पायाशी सामंतांचे मुकुट झुकत, त्या हर्षाचा ‘हर्ष’ युद्धात पडलेले हत्ती पाहून भयाने ओसरला, असा श्लेष रविकीर्ती साधतो. ही लढाई केव्हा झाली? नाशिक जिल्ह्यातील लोहनेर येथे सापडलेल्या ६३० च्या ताम्रपटात पुलकेशीचे अनेक विजय येतात, हर्षाचा मात्र उल्लेख नाही. ऐहोळेच्या लेखात तो आहे. तेव्हा लढाई ६३० ते ६३४ च्या दरम्यान झाली असावी, असा तर्क बराच काळ प्रचलित होता आणि अनेक पाठ्यपुस्तकांत तो तसाच उतरला. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी एका ताम्रपटाचे वाचन केले. त्यावरची तारीख ४ एप्रिल ६१९ या दिवसाशी जुळते, आणि त्यात हर्षावरील विजयाची नोंद आहे. म्हणजे लढाई त्यापूर्वीच, बहुधा ६१८-१९ च्या हिवाळ्यात उरकली होती. ऐहोळेचा लेख कोरला जात असताना ती पंधरा वर्षांची जुनी गोष्ट झाली होती. ‘लोहनेरच्या लेखात नाही म्हणून तोवर घडले नाही’ हे अनुमान किती निसरडे होते ते एका पत्र्याने दाखवून दिले.

तेव्हा ६३४ मध्ये पुलकेशी नवे जग जिंकत नव्हता; जिंकलेले राज्य भोगत होता. दरबारी कवीला दानधर्म करण्याची, टेकडीवर दगडी जिनालय उभारण्याची सवड मिळण्याचे दिवस ते हेच.

गाझाची एक नोंद

पुलकेशीचे संबंध पश्चिमेकडे दूरवर होते. इराणचा ससानी सम्राट खुस्रो दुसरा याच्याकडे भारतातील एका राजाने ६२५-२६ च्या सुमारास वकील आणि नजराणे पाठविल्याचे तबरी हा इतिहासकार सांगतो, आणि हा राजा म्हणजे पुलकेशीच, असे मानले जाते. (अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एका चित्रात हाच इराणी वकील पुलकेशीच्या दरबारात दिसतो, असे पर्यटकांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. ते लेणे वाकाटकांच्या काळातील, म्हणजे पुलकेशीच्या शंभरहून अधिक वर्षे आधीचे, असे आता बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.) पण ज्या खुस्रोशी ही मैत्री जोडली गेली, तो ६२८ मध्ये स्वतःच्या मुलाच्या संमतीने मारला गेला. बायझंटाइनांशी, आणि अखेरीस त्यांचा सम्राट हेराक्लियस याच्याशी, पाव शतक चाललेल्या युद्धाने दोन्ही साम्राज्ये पोखरून निघाली होती. इराणात त्याच सुमारास साथ आली, चार वर्षांत कितीतरी राजे-राण्या गादीवर बसून उतरल्या आणि ६३२ मध्ये यज्दगर्द तिसरा हा अल्पवयीन मुलगा सिंहासनावर बसला. हेराक्लियसने इराणकडून परत मिळविलेला पवित्र क्रूस ६३० मध्ये मोठ्या थाटाने जेरुसलेमला नेला होता. जग पुन्हा पूर्ववत झाले, असे तेव्हा त्याला वाटले असल्यास नवल नाही.

याच पार्श्वभूमीवर सिरियाक भाषेत थोडक्या ओळींची एक नोंद येते. तोमा नावाच्या एका पाद्र्याच्या, ६४० च्या सुमाराच्या बखरीत ती आहे. सेल्युकिड वर्ष ९४५, शुक्रवार, ४ फेब्रुवारी, नवव्या प्रहरी रोमनांची आणि ‘महंमदाच्या अरबां’ची गाझाच्या पूर्वेस बारा मैलांवर लढाई झाली. रोमन पळाले. सुमारे चार हजार गरीब खेडूत तेथे मारले गेले, त्यांत ख्रिस्ती होते, ज्यू होते आणि शोमरोनीही होते. इस्लामचे प्रेषित महंमद यांचे नाव घेणाऱ्या बिगर-मुस्लिम लेखनात हे सर्वांत जुन्यांपैकी एक समजले जाते. इतिहासाच्या एवढ्या मोठ्या वळणाची ही आरंभीची नोंद. आणि तिच्यात सेनापतीच्या पराक्रमाचे नव्हे, तर मेलेल्या खेडुतांचे वर्णन आहे. रविकीर्तीच्या शिळेवर पराभूत मुलखातील गावांची संख्या मिळते, त्या गावांतील माणसांविषयी काही मिळत नाही, हा फरक वाचताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

पुढे घटना वेगाने घडत गेल्या. इराकच्या सरहद्दीवर असलेला सेनापती खालिद इब्न अल् वलीद पहिले खलीफा अबू बक्र यांच्या आज्ञेवरून वाळवंट तुडवीत सीरियात पोहोचला. उंटांना पोटभर पाणी पाजून वाटेत त्यांच्याच पोटातील पाण्यावर घोड्यांची तहान भागवल्याची कथा याच कूचाविषयी सांगतात. ३० जुलै रोजी अजनादैन येथे बायझंटाइन सैन्याचा मोठा पराभव झाला. त्यानंतर महिनाभरातच, ऑगस्टच्या अखेरीकडे मदिनेत अबू बक्र यांचे निधन झाले आणि त्यांनीच नेमून ठेवल्याप्रमाणे उमर खलीफा झाले. अवघी दोन वर्षे टिकलेली राजवट, आणि तिचा उत्तराधिकार मोठ्या युद्धाच्या ऐन मध्यावर! एखाद्या जुन्या साम्राज्यात हे घडते तर सैन्ये माघारी वळली असती. येथे मोहिमेचा वेग मुळीच कमी झाला नाही. दमास्कस शहर ६३४-३५ मध्ये अरबांच्या हाती गेले.

त्या वर्षीचा नाताळ जेरुसलेममध्ये कसा साजरा झाला हेही आपल्याला माहीत आहे. प्रथेप्रमाणे शहराचे ख्रिस्ती बेथलेहेमला जात. अंतर फार तर दोन-अडीच कोस. नव्यानेच धर्माध्यक्ष झालेल्या सोफ्रोनियसने डिसेंबर ६३४ चे नाताळ प्रवचन मात्र जेरुसलेममध्येच दिले, कारण बेथलेहेमच्या वाटेवर अरबांचा अंमल होता. प्रवचनात त्याने या संकटाला लोकांची पापे कारणीभूत ठरवली. हे तात्पुरते अरिष्ट आहे, पश्चात्ताप केला की टळेल, असाच त्याचा सूर होता. चारएक वर्षांतच जेरुसलेमचे समर्पण उमर यांच्यापुढे करण्याची वेळ याच सोफ्रोनियसवर येणार होती.

इराणच्या आघाडीवर मात्र त्याच शरद ऋतूत अरबांना जबर तडाखा बसला. युफ्रेटिस नदीवर होड्यांचा पूल बांधून अबू उबैद हा सेनानी पलीकडे गेला. समोर ससानी सैन्यात हत्ती होते. अरबांचे घोडे बुजले. अबू उबैद हत्तीच्या पायाखाली चिरडला गेला. माघार घेऊ नये म्हणून कोणी तरी पूलच तोडला आणि अनेक जण नदीत बुडाले. मुसन्ना नावाच्या जखमी सरदाराने पूल पुन्हा जोडून उरलेल्यांना बाहेर काढले. अरबी बखरींत ही ‘पुलाची लढाई’ म्हणून ओळखली जाते. इराणी राज्याचा हा अखेरच्या विजयांपैकी एक. त्याचा पाठपुरावा करण्याचे बळ राजधानीतील भांडणांमुळे उरले नाही.

या घडामोडींची झळ कोकणाला किती लवकर लागावी? बलाझुरी हा नवव्या शतकातील इतिहासकार सांगतो की, बहारीन-ओमानचा सुभेदार उस्मान याने ६३६ च्या सुमारास जहाजे देऊन ‘ताना’ येथे, म्हणजे आपल्या ठाण्यावर स्वारी पाठविली होती. म्हणजे ऐहोळेच्या शिळेवरची छिन्नी थांबल्यावर दोनच वर्षांनी. खलीफांची परवानगी न घेता केलेला हा उद्योग उमर यांना मुळीच रुचला नाही. माणसे समुद्रात गमावली असती तर तुझ्याच कबिल्यातील तेवढी माणसे घेतली असती, अशी तंबी त्यांनी दिल्याचे बलाझुरी नोंदवतो. जहाजे सुखरूप परतली. ज्या किनाऱ्याला शेकडो नौकांचा वेढा पडल्याचे रविकीर्ती अभिमानाने सांगतो, त्याच्या लगतचाच हा किनारा. पण चालुक्यांच्या कोणत्याही लेखात या प्रसंगाचा मागमूस नाही.

पूर्वेकडे राजवाडा आणि तळे

चीनमध्ये हे वर्ष तुलनेने शांततेचे, निदान राजधानीपुरते. तांग सम्राट ताइझोंगने ६२६ मध्ये दोघा भावांना ठार मारवून आणि बापाला निवृत्त व्हावयास लावून सत्ता घेतली होती. ६३४ मध्ये त्याच बापासाठी छांगआनच्या ईशान्येला, उंचावर, उन्हाळ्यात गारवा मिळेल अशा जागी त्याने नवा राजवाडा बांधावयास घेतला. वृद्ध गाओझू दुसऱ्याच वर्षी वारला. राजवाडा त्याला लाभला नाहीच. पुढे वाढवत नेलेली हीच वास्तू दामिंग प्रासाद म्हणून तांग सत्तेचे केंद्र बनली.

त्याच वर्षी तिबेटचा राजा स्रोंगत्सेन गांपो याचे वकील प्रथमच चिनी दरबारात आले. त्याला चिनी राजकन्या हवी होती. ती लगेच मिळाली नाही. त्यासाठी त्याला काही वर्षे थांबावे आणि लढावेही लागले, आणि राजकन्या वेनचेंग तिबेटात पोहोचली ती ६४१ मध्ये. दोन्हींच्या मध्ये तुयुहुन नावाचे राज्य होते. त्याच्यावर साठी ओलांडलेला, निवृत्तीत गेलेला सेनापती ली जिंग याला पाठविण्यात आले आणि ६३५ मध्ये ते राज्य नमले. त्याच ६३५ मध्ये अलोपेन नावाचा एक पूर्वदेशीय ख्रिस्ती धर्मोपदेशक आपले ग्रंथ घेऊन छांगआनला पोहोचला आणि सम्राटाने मंत्र्याला सामोरे पाठवून त्याचे स्वागत केले. हे आपल्याला कळते तेही एका शिळेमुळेच. ती ७८१ मध्ये उभारली गेली, सतराव्या शतकात सापडली आणि आज शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे.

कोरियात सिल्लाची राणी सन्दक हिच्या राज्यात ६३४ मध्ये पुनह्वांगसा हे बौद्ध मंदिर उभे राहिले. विटांच्या आकाराचे दगड घडवून रचलेल्या त्याच्या मनोऱ्याचे तीन मजले आजही ग्योंगजू शहरात पाहावयास मिळतात. शेजारच्या बेकजे राज्यात राजा मू याने राजवाड्याच्या दक्षिणेस मोठे तळे खणून दुरून पाणी आणले आणि काठाने वाळुंजाची झाडे लावली. वांगहुंगसा हे मंदिरही याच वर्षी पूर्ण झाल्याचे बखर सांगते. मात्र २००७ मध्ये तेथील उत्खननात सापडलेल्या धातुकरंडकावर ५७७ हे वर्ष निघाले. राजाने मृत राजपुत्रासाठी मंदिराची स्थापना केल्याची ती नोंद. बखर आणि कोरीव लेख यांच्यात साठ वर्षांचे अंतर! लोहनेर आणि हर्षाच्या प्रकरणाची येथे आठवण व्हावी.

युरोपच्या टोकाला, इंग्लंडच्या उत्तरेत, एक वर्ष चक्क पुसून टाकले गेले. एडविन राजा ६३३ मध्ये रणांगणी पडल्यावर आलेल्या दोघा राजांनी ख्रिस्ती धर्म सोडला. म्हणून राजावळी लिहिणाऱ्यांनी त्यांचे वर्ष त्यांच्या नावे न मांडता पुढच्या ओस्वाल्डच्या खात्यात जमा केले, असे बीड स्पष्टच सांगतो. त्यामुळे ओस्वाल्डच्या विजयाचे साल ६३३ की ६३४, हा वाद अद्याप चालतो. या ओस्वाल्डच्या बोलावण्यावरून आयोना बेटावरचा आयरिश मठवासी एडन ६३५ मध्ये लिंडिसफार्नला आला. त्याला इंग्रजी येत नव्हते. राजाचे बालपण परागंदा अवस्थेत आयरिश बोलणाऱ्यांत गेलेले. तेव्हा एडन उपदेश करी आणि राजा स्वतः सरदारांना त्याचे भाषांतर करून सांगे. मिळालेल्या देणग्यांतून एडनने गुलामांना सोडविले, हेही बीडनेच लिहून ठेवले आहे. अटलांटिकपलीकडे, मेक्सिकोतील पालेंके येथे माया राजा पकाल याला मे ६३५ मध्ये कान बलाम हा मुलगा झाला. त्याची जन्मतारीख दिवसासकट मोजता येते, कारण मायांची दिनगणना रविकीर्तीच्या गणिताहूनही काटेकोर होती.

आता पुन्हा दख्खनकडे. ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी ६३४ मध्ये उत्तर भारतातच होता. महाराष्ट्रात तो पोहोचला त्यानंतर सहा-सात वर्षांनी. पुलकेशीचे राज्य त्याने पाहिले आणि येथील लोकांचे वर्णन करून ठेवले. उपकाराला जागणारे, अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारे, सूड घेण्यापूर्वी शत्रूला आगाऊ सूचना देणारे असे हे लोक. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता लुगडे नेसवण्याची रीत, लढाईपूर्वी हत्तींना मद्य पाजण्याची रीत, हे त्याने कौतुकमिश्रित आश्चर्याने लिहिले. शिलादित्य हर्षालाही हे राज्य जिंकता आले नाही, हेही तो सांगतो.

ह्युएन त्संग उत्तरेकडे वळला आणि अवघ्या वर्षभरात, ६४२ मध्ये, पल्लव राजा नरसिंहवर्मन याने वातापी घेतली. ऐहोळेच्या शिळेवर ज्याला तटाआड लपलेला दाखवले आहे, त्याच कांचीच्या घराण्याचा हा पुढचा पुरुष. पुलकेशी बहुधा याच युद्धात मारला गेला. त्यानंतर त्याचे नाव लेखांतून नाहीसे होते. चालुक्यांची राजधानी तेरा वर्षे पल्लवांकडे होती. नरसिंहवर्मनने ‘वातापिकोंड’, म्हणजे वातापी जिंकणारा, असे बिरुद धारण केले आणि बदामीतल्याच एका खडकावर आपला लेख कोरविला. आज झिजून पुसट झालेला हा लेख ऐहोळेच्या प्रशस्तीपासून पस्तीसेक किलोमीटरवर आहे.